ड्युटी लिस्टवर लढलेली निवडणूक: आरोग्य शाखांच्या प्रतिनिधिपदाचे एक प्रकरण

हे प्रकरण रचलेले आहे. कुठल्या एका विद्यापीठात ते जसेच्या तसे घडलेले नाही आणि पुढचे मतांचे आकडे मोजणीची पद्धत कळावी म्हणून घेतले आहेत. उमेदवारांना नावे दिलेली नाहीत. त्यांची शाखा सांगितली की पुरे, कारण या निवडणुकीत मतदारही आधी शाखाच विचारतात.

पद

विद्यापीठाच्या विद्यार्थी संघात प्रत्येक विद्याशाखेचा एक प्रतिनिधी असतो. आरोग्य विद्याशाखेत वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी आणि रेडिओग्राफी असे पाच अभ्यासक्रम आहेत आणि पाचांना मिळून प्रतिनिधी एकच. मुदत एक वर्षाची, पगार नाही. अधिकार पाहिले तर विद्याशाखेच्या अभ्यास मंडळावर एक मत, परीक्षा समितीत बसण्याचा आणि बोलण्याचा हक्क (मत नाही), आणि संघाच्या कार्यकारिणीत एक खुर्ची. विद्यार्थी ज्या रुग्णालयांत पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला जातात, त्यांच्या कुठल्याही समितीवर या प्रतिनिधीला जागा नाही. हे शेवटचे वाक्य संघाच्या घटनेत छापलेले आहे, पण अर्ज भरणारे ते क्वचितच वाचतात. या प्रकरणातली बरीचशी गुंतागुंत त्या एका वाक्यातून निघते.

पाच शाखांना एक प्रतिनिधी ही रचनाही विचार करण्यासारखी आहे. जगभरात या विद्यार्थ्यांच्या संघटना बहुधा शाखेवार उभ्या राहिल्या. फार्मसीच्या विद्यार्थ्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९४९ मध्ये स्थापन झाला, वैद्यकीय विद्यार्थ्यांचा १९५१ मध्ये. वॉर्डात एकाच पेशंटभोवती उभे राहणारे हे विद्यार्थी संघटना म्हणून मात्र वेगवेगळ्या घरांत वाढले. त्यामुळे ‘आरोग्य शाखांचा उमेदवार’ असा कोणी सहसा नसतो. वैद्यकीयचा असतो, नर्सिंगचा असतो, आणि बाकीच्यांनी त्यातला एक निवडायचा असतो.

रिंगणात कोण

तीन अर्ज आले. पहिला उमेदवार वैद्यकीयच्या चौथ्या वर्षाचा. दोन वर्षे वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मंडळाचा सचिव, भाषण चांगले, हाताशी तयार कार्यकर्ते. दुसरी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची, वर्ग प्रतिनिधी. हे प्रकरण तिचे आहे. तिसरा फिजिओथेरपीचा, ज्याला स्वतःलाही आपण जिंकू असे वाटत नव्हते. पण ‘आमचीही कोणीतरी दखल घ्या’ म्हणून तो उभा होता. मतपत्रिकेवर चौथा पर्यायही होता: ‘पुन्हा अर्ज मागवा’.

संख्येने नर्सिंग सगळ्यांत मोठे. त्यामुळे तिच्या वर्गाने अर्ज भरण्याच्या दिवशीच पेढ्यांचे बोलणे सुरू केले. हिशेब कागदावर बरोबर होता. फक्त मतदानाच्या आठवड्यात नर्सिंगचे दुसरे आणि तिसरे वर्ष पूर्णच्या पूर्ण पोस्टिंगवर होते, आणि तेही एका रुग्णालयात नव्हे, पाच-सहा ठिकाणी विखुरलेले. वैद्यकीयची पहिली दोन वर्षे मात्र वर्गात, एकाच इमारतीत.

नर्सिंगच्या विद्यार्थ्याचा वेळ कुठे जातो हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही. युरोपीय संघाच्या २००५ च्या निर्देशात सर्वसाधारण नर्सच्या शिक्षणासाठी किमान ४,६०० तास सांगितले आहेत आणि त्यातले किमान निम्मे तास प्रत्यक्ष रुग्णसेवेत जायला हवेत. इतर देशांत आकडा वेगळा असला तरी शिक्षणाचा मोठा हिस्सा कॅम्पसच्या बाहेर, पाळीत, गणवेशात जातो. कट्ट्यावर उभे राहून पत्रके वाटणाऱ्या उमेदवाराला तो मतदार दिसतच नाही.

जाहीरनामा, आणि सही कोणाची

तिच्या पहिल्या मसुद्यात अकरा मागण्या होत्या. पोस्टिंगचे मानधन, प्रवासभत्ता, बारा तासांच्या पाळ्या बंद, रात्रीची कॅन्टीन, मानसिक आरोग्यासाठी समुपदेशक, आणखी बरेच. वर्गमैत्रिणीने वाचून एकच प्रश्न विचारला.

“अगं, हे सगळं छान आहे, पण देणार कोण?”

“म्हणजे?”

“म्हणजे सही कोणाची लागते यावर?”

मग दोघींनी बसून प्रत्येक मागणीपुढे सही करणाऱ्याचे पद लिहिले. माझ्या मते संपूर्ण मोहिमेतले सगळ्यांत कामाचे दोन तास तेच. मानधनापुढे ‘सरकार’ आले. आणि ते खरेच आहे. इंग्लंडमध्ये नर्सिंगच्या नव्या विद्यार्थ्यांची बर्सरी (शिकत असताना मिळणारे विद्यावेतन) २०१७ मध्ये बंद झाली आणि २०२० पासून वर्षाला किमान ५,००० पौंडांचे अनुदान सुरू झाले. दोन्ही निर्णय सरकारी पातळीवरचे होते. विद्यार्थी संघटनांनी आवाज उठवला, तो उठवायलाच हवा होता, पण एका विद्याशाखेच्या प्रतिनिधीने ‘मी मिळवून देईन’ म्हणण्याची ती गोष्ट नव्हे. बारा तासांच्या पाळ्यांपुढे ‘रुग्णालय’ आले. समुपदेशकापुढे ‘विद्यापीठाचे अंदाजपत्रक’ आले, आणि ते तर मार्चआधीच मंजूर झालेले.

चाळणीतून चार मागण्या उरल्या.

ड्युटी लिस्ट पोस्टिंग सुरू होण्याच्या चार आठवडे आधी मिळावी. सही विभागाच्या पोस्टिंग समन्वयकाची.

नाइट ड्युटी संपल्यावर २४ तासांच्या आत लेखी परीक्षा नको. सही परीक्षा समितीची.

सुई टोचली तर काय करायचे आणि कोणाला फोन करायचा, हे प्रत्येक रुग्णालयानुसार एका कार्डावर छापून ओळखपत्रामागे मिळावे. सही विद्याशाखेच्या अधिष्ठात्यांची.

आणि चौथी, जी तिच्या डोक्यात नव्हतीच: सगळ्या शाखांना लॉकर. ही फिजिओथेरपीच्या उमेदवाराची मागणी होती. तिच्याकडे ती कशी आली ते पुढे येईलच.

कार्डाची मागणी सगळ्यांत छोटी दिसते, पण अनुभवी शिक्षकांनी तिच्यावरच बोट ठेवले. रात्री तीनला वापरलेली सुई बोटात शिरली, तर विद्यार्थी आधी घाबरतो, मग लपवतो. आपण चुकलो असे त्याला वाटत असते, आणि मूल्यमापन त्याच वॉर्डातल्या सिस्टरकडे असते. जखम साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, लगेच कळवायचे. एचआयव्ही रोखण्याची औषधे लागणार असतील तर ती जितक्या लवकर तितकी बरी, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करायची आणि २८ दिवस घ्यायची. हे सगळे पहिल्या वर्षी शिकवलेले असते. पण ‘या रुग्णालयात, या वेळी, कुठल्या नंबरवर’ हे शिकवलेले नसते, आणि शनिवार-रविवार धरून ७२ तास कधी निघून जातात कळत नाही. एका कार्डाचा खर्च तो किती! तरीही कोणी केले नव्हते, कारण ते काम नेमके कोणाचे हे ठरले नव्हते.

वैद्यकीयच्या उमेदवाराने मानधन आणि पाळ्या दोन्ही जाहीरनाम्यात ठेवले. तो खोटे बोलत होता असे म्हणता येणार नाही. ‘आम्ही लढू’ असे त्याने लिहिले होते, ‘मिळवू’ असे नव्हे. पण ऐकणाऱ्याच्या कानात फरक राहत नाही. त्याच्या पत्रकांना टाळ्या जास्त पडल्या, हे मान्य केलेच पाहिजे.

मतदानाची वेळ

निवडणूक अधिसूचनेत ऑनलाइन मतदान दोन दिवस, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ असे होते. कार्यालयीन वेळ म्हणून कोणीतरी सवयीने टाकलेली. बारा तासांची दिवसपाळी सकाळी साडेसातला सुरू होते आणि रात्री साडेसातला संपते. म्हणजे मतदानाची अख्खी वेळ पाळीच्या पोटात मावते, आणि वॉर्डात फोन खिशातून काढायला मनाई. नाइट करणारा सकाळी हँडओव्हर देऊन आठ-साडेआठला बाहेर पडतो, खोलीवर जाऊन झोपतो आणि उठतो तेव्हा पाच वाजायला आलेले असतात.

तिने हरकत घेतली ती अर्जांच्या छाननीआधी आणि लेखी. मागणी स्वतःच्या शाखेपुरती नव्हती. सर्व मतदारांसाठी सलग ४८ तास मतदान खुले ठेवा, इतकेच. निवडणूक अधिकाऱ्याने दोन दिवसांत मान्य केले. यंत्रणा तीच, फक्त बंद होण्याची वेळ बदलायची होती. हेच पत्र छाननीनंतर गेले असते तर ‘आपल्या मतांसाठी नियम वाकवते’ असा आरोप हमखास झाला असता, आणि तो झटकणे अवघड गेले असते.

तिच्या स्वतःच्या ड्युटीचे काय? उमेदवार झाल्याने पोस्टिंगचे तास माफ होत नाहीत. उलट बऱ्याच ठिकाणी हजेरी ही उमेदवारीचीच अट असते. भारतात विद्यार्थी निवडणुकांवरच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू करायला सांगितल्या. त्यात विद्यापीठाने ठरवलेली हजेरी किंवा ७५ टक्के, यांत जे जास्त असेल ते, अशी अट आहे. वयाच्या मर्यादेत चार-पाच वर्षांच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना सवलत द्यायची मुभा त्या शिफारशींत आहे. हजेरीबाबत तशी सवलत त्यांनी सुचवलेली नाही.

तिने रजा टाकली नाही, दोन पाळ्या बदलून मागितल्या. वॉर्डातला संवाद असा झाला:

“सिस्टर, पुढच्या आठवड्यात दोन ड्युट्या बदलून हव्या होत्या.”

“कशाला?”

“निवडणूक आहे, सिस्टर. मी उभी आहे.”

“बरं. जिच्याशी बदलतेस तिची सही आण, आणि दोघींच्याही हातात सलग दोन ड्युट्यांमध्ये विश्रांतीचे अकरा तास राहतायत का ते मोजून आण. निवडणूक तुझी, पेशंट माझे.”

सिस्टरांनी सही केली. पण वॉर्डात पत्रक दिसता कामा नये, हेही बजावले.

प्रचार कुठे करायचा

सिस्टरांची सूचना नियमातही होती: रुग्ण असतील तिथे प्रचार नाही. मग उरते काय? हॉस्टेलची मेस, रुग्णालयाकडे जाणारी बस, आणि पाळी सुटल्यावरची दहा मिनिटे. तिने प्रत्येक रुग्णालयात एक व्यक्ती धरली, शक्यतो तिथे आधीच पोस्टिंगवर असलेली. त्या व्यक्तीचे काम मते मागण्याचे नव्हते. तिथली अडचण विचारून कळवायची आणि मतदानाची लिंक विद्यापीठाच्या ईमेलवर आली आहे, ती तिथे शोधायची, हे सांगायचे. पोस्टिंगवर असताना विद्यापीठाचा ईमेल कोण उघडतो?

लॉकरची गोष्ट इथूनच आली. एका रुग्णालयातून निरोप आला की फिजिओथेरपी आणि रेडिओग्राफीची मुले बॅगा जिन्याखाली ठेवतात, कारण लॉकरची खोली नर्सिंग विभागाच्या ताब्यात आहे आणि किल्ली मागितली तर मिळत नाही. गंमत म्हणजे त्या लॉकरांपैकी बरेचसे रिकामे होते. ही मागणी फिजिओथेरपीच्या उमेदवाराच्या पत्रकावर पहिल्या क्रमांकावर होती. तिने त्याला फोन केला आणि विचारले, “मी हे माझ्या जाहीरनाम्यात घेतलं तर चालेल का? तुझं नाव घालून.” त्याने हो म्हटले. तिच्या गटातल्या काहींना ते आवडले नाही. आपल्याच विभागाच्या खोलीवर दुसऱ्यांचा हक्क मान्य करायचा, आणि वर प्रतिस्पर्ध्याला श्रेय द्यायचे! एकीने तर ‘मग त्यालाच मत देऊ का?’ असेही सुनावले. तिचे उत्तर होते, “दे की. दुसऱ्या पसंतीला माझं लिही.”

फोटो

मतदानाच्या दोन दिवस आधी तिच्या समर्थकाने गणवेशातला एक फोटो टाकला: तीन विद्यार्थिनी, हसरे चेहरे, हातात तिच्या नावाचा कागद. मागे भिंत. भिंतीवर खाटेचा फलक, आणि फोटो मोठा करून पाहिला तर फलकावर पेशंटचे नाव वाचता येत होते.

तिच्यासमोर दोन रस्ते होते. गुपचूप काढून टाकायचा आणि कोणी पाहिला नसेल अशी आशा धरायची, किंवा स्वतः जाऊन सांगायचे. तिने फोटो काढायला लावला, वॉर्ड इन्चार्जना तोंडी आणि निवडणूक अधिकाऱ्याला लेखी कळवले, आणि तेही वैद्यकीयच्या गटाची तक्रार पोचण्याआधी. शिक्षा झालीच: एक दिवस प्रचारबंदी. समर्थकाला विभागाने वेगळे बोलावले. पेशंटला कळवण्याचा निर्णय रुग्णालयाने आपल्याकडे घेतला.

इथे मतभेदाला जागा आहे. काहींच्या मते उमेदवारी रद्द व्हायला हवी होती, कारण गोपनीयता ही या पेशात निवडणुकीपेक्षा मोठी आहे. माझे मत वेगळे आहे. फोटो उमेदवाराने काढला नव्हता, आणि कळवणाऱ्याला लपवणाऱ्याइतकीच शिक्षा दिली तर पुढच्या वेळी कोणी कळवणार नाही. सुई टोचल्यावर विद्यार्थी गप्प का बसतो, त्याचेही कारण हेच. पण प्रचारबंदी योग्यच होती, आणि ती कमी पडली असे म्हणणाऱ्यांशी मी फार वाद घालणार नाही.

मोजणी

मतदान पसंतीक्रमाचे होते. मतदार १, २, ३ असे क्रम लावतो. कोणालाही निम्म्याहून अधिक पहिली पसंती मिळाली नाही, तर शेवटचा बाद होतो आणि त्याची मते पुढच्या पसंतीला जातात. आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष आणि ऑस्ट्रेलियाच्या कनिष्ठ सभागृहाचे सदस्य याच तत्त्वाने निवडले जातात.

पहिली फेरी: वैद्यकीय २३२, नर्सिंग २०४, फिजिओथेरपी १२१, ‘पुन्हा अर्ज मागवा’ १८. एकूण ५७५, निम्म्याहून अधिक म्हणजे २८८. कोणी नाही.

दुसरी फेरी: ‘पुन्हा अर्ज मागवा’ बाद. त्या १८ पैकी ९ मतपत्रिकांवर पुढची पसंतीच नव्हती, त्या गळाल्या. उरलेल्या ९ पैकी वैद्यकीयला २, नर्सिंगला ३, फिजिओथेरपीला ४. आता २३४, २०७ आणि १२५.

तिसरी फेरी: फिजिओथेरपी बाद. १२५ पैकी ७० नर्सिंगकडे, ३१ वैद्यकीयकडे, २४ गळाल्या. शेवटी नर्सिंग २७७, वैद्यकीय २६५. चालू मते ५४२. बारा मतांनी ती निवडून आली.

वैद्यकीयच्या गटाने फेरमोजणी मागितली. आकडे तेच निघाले. ‘पहिल्या फेरीत आम्ही पुढे होतो’ ही त्यांची तक्रार समजण्यासारखी आहे, पण पद्धत सगळ्यांना आधी माहीत होती. त्यांनी दुसऱ्या पसंतीसाठी कोणाकडे शब्द टाकला नाही, कारण त्यांना गरजच वाटली नाही. लॉकरमुळे सत्तर मते आली असे मी म्हणणार नाही. मतदाराच्या मनातले कारण मतपत्रिकेवर नसते. पण लहान शाखांशी बोललेली मोठ्या शाखेची एकटी उमेदवार तीच होती, एवढे दिसते.

आणखी एक गोष्ट आकड्यांत लपली आहे. नर्सिंग संख्येने सर्वांत मोठे असूनही तिला पहिल्या पसंतीची २०४ च मते आली. मतदान ४८ तास खुले असूनही. पेढ्यांचा हिशेब मांडणाऱ्यांपैकी किती जणींनी मतदान केले, हे गुप्त मतदानामुळे कळायला मार्ग नाही.

निवडून आल्यावर

कार्ड पहिल्या महिन्यात झाले. अधिष्ठात्यांनी ‘हे आधी का नव्हते?’ असे विचारले आणि सही केली. खरी मेहनत प्रत्येक रुग्णालयाकडून रात्रीचा खात्रीचा नंबर मिळवण्यात गेली. दोन ठिकाणी दिलेला नंबर रात्री कोणी उचलत नव्हते, हे तिने स्वतः रात्री फोन लावून पाहिले म्हणून कळले.

लॉकरसाठी तिला आपल्याच विभागाशी भांडावे लागले. किल्ल्या आता पहारेकऱ्याच्या वहीत सही करून मिळतात. नर्सिंगच्या काही मुली अजून नाराज आहेत.

ड्युटी लिस्टवर समन्वयकांनी सांगितले की रुग्णालये कुठल्या वॉर्डात किती विद्यार्थी घेणार हेच उशिरा कळवतात, त्यामुळे चार आठवडे जमणार नाहीत. रुग्णालयाच्या समितीवर खुर्ची नसल्याने तिला थेट तिकडे बोलता येईना. अभ्यास मंडळातल्या आपल्या एका मताच्या जोरावर तिने ठराव मांडला की रुग्णालयांशी होणाऱ्या करारातच आकडा कळवण्याची तारीख घाला. ठराव मंजूर झाला, पण करार दोन वर्षांनी नव्याने होणार. तोवर तोंडी समझोता तीन आठवड्यांचा.

नाइटनंतर परीक्षा नको, हा मुद्दा परीक्षा समितीने पुढच्या सत्रावर ढकलला. तेव्हा तिची मुदत संपलेली असेल. समितीत कोण अनुकूल होते, कोणाचा आक्षेप काय होता आणि परीक्षेचे वेळापत्रक पोस्टिंगच्या यादीशी पडताळून पाहायला कोणाकडे जावे लागते, याचे तिने टिपण करून संघाच्या कार्यालयात दिले आहे. टिपणाची एक प्रत तिने वैद्यकीयच्या उमेदवारालाही पाठवली, कारण पुढच्या निवडणुकीत तो पुन्हा उभा राहतोय.